नळातलं चामडं

जुन्या पितळी नळाच्या पोटात चामड्याची एक चकती असायची, कोटाच्या बटणाएवढी. चावी पिळली की ती खाली बसायची आणि पाणी थांबायचं. तिला वायसर म्हणत. आता तो रबराचा असतो, आणि पूर्वी चामड्याचा असायचा असं सांगितलं तर लोक म्हणतात, असेल, त्यात काय एवढं. त्यात काय होतं ते सांगतो. सांगायला मीच उरलो आहे, आणि सांगण्यात माझी शोभा वाढेल असं काही नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला होता आणि मला तिथल्या स्टोअरमध्ये कारकुनाची जागा मिळाली होती. खिळ्यापासून पाइपापर्यंत जे काही लागेल ते माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. नळाचे वायसर पत्र्याच्या डब्यात असत आणि डब्यावरची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती: ‘वायसर, चामडी, अर्धा इंची.’ रबराचे तेव्हा स्टोअरमध्ये नव्हतेच. तेव्हा नळात चामडं असतं हे मला ठाऊक नव्हतं, ही पळवाट मला नाही.

नोकरीबरोबर क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागं मोरी, आणि मोरीत नळ. आम्ही वाईकडचे; पाणी म्हणजे खांद्यावरून आणायची गोष्ट, असंच लहानपणापासून पाहिलेलं. पहिल्या दिवशी मी तो नळ उगाचच चार वेळा उघडला आणि बंद केला. बायकोनं काही म्हटलं नाही, पण मी कामावर गेल्यावर तिनंही तेच केलं असणार.

पुढं बायकोला दिवस गेले आणि तब्येत नाजूक म्हणून ती पाचव्या महिन्यातच माहेरी गेली. माझ्या जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून आई वाईहून आली. आईचं सोवळं कडक. वडील गेल्यापासून ते आणखी कडक झालं होतं. आल्या आल्या तिनं मोरीत वाकून नळाकडे पाहिलं आणि विचारलं, “यात चामडं असतं ना रे?”

“असतं,” मी म्हणालो. या प्रकरणात मी तिच्याशी खरं बोललो ते एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून आई घागर घेऊन विहिरीवर जाऊ लागली. क्वार्टरांच्या मागं, कुंपणापलीकडे, एका शेताच्या तुकड्यात ती विहीर होती. जमीन आमच्या कॉलनीच्या मिस्त्रीची. त्याचं बाकीचं रान कारखान्यात गेलं होतं. उरला होता हा तुकडा आणि विहीर. नळाचं काम तो दापोडीला एका वर्कशॉपात शिकला होता आणि आता कॉलनीतले सगळे नळ त्याच्याकडे होते. पन्नाशीचा, बोलायला कमी, गळ्यात तुळशीची माळ. दर एकादशीला सायकलवर आळंदीला जायचा. आईनं त्याला पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं, विहिरीवर मोट चालते का, कारण मोट चामड्याची.

“मोट कवाच बंद झाली, आई,” तो म्हणाला होता. “बैलं बी इकली. तुमी खुशाल पानी न्या.”

आईनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. मिस्त्रीही आळंदीहून येताना तिच्यासाठी पुडीत बुक्का आणू लागला. दोघांचं बोलणं चार वाक्यांपलीकडे जात नसे, पण एकमेकांचा आदर होता. मला तर त्या माणसाचं घर नक्की कुठं आहे हेही माहीत नव्हतं.

साठीची बाई, ओलेत्यानं, कमरेवर घागर, सगळ्या क्वार्टरांसमोरून रोज सकाळी दोन खेपा. पहिले दोन दिवस मी म्हटलं, मी आणतो. पण मी आणलेलं पाणी सोवळ्यात चालणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नाही चालणार हे ऐकून मला बरंच वाटलं. पाटलोण घातलेल्या कारकुनानं घागर उचलायची, हे मला शोभलं नसतं. मग मी सकाळी घरातून लवकर निघू लागलो. ती समोरून येत असली तर पलीकडच्या बाजूनं जायचो.

एकदा स्टोअरचे साहेब चार जणांसमोर म्हणाले, “काय हो, तुमच्या क्वार्टरला नळ दिला नाही वाटतं अजून?” सगळे हसले. मीही हसलो. वाईट हेतूनं ते बोलले नव्हते, पण मला ते दिवसभर खात राहिलं. घरी जाताना मी ठरवूनच गेलो.

“आई,” मी म्हणालो, “आता विहिरीवर जायचं कारण नाही. मी स्टोअरमधून रबराचा वायसर काढला आणि मिस्त्रीला दिला. तू पाण्याला गेली होतीस तेव्हा तो बसवून गेला.”

आईनं दोन गोष्टी विचारल्या. पहिली, “रबर म्हणजे झाडाचा चीकच ना?” मी म्हणालो, झाडाचा चीक. दुसरी, “मिस्त्रीनं स्वतः बसवला?” मी म्हणालो, स्वतः. झाडाच्या चिकाला दोष नव्हता आणि मिस्त्री माळकरी होता. तिचं समाधान झालं. मिस्त्रीचं नाव मी का घेतलं? नुसतं मी बसवला म्हणालो असतो तर तिनं विश्वास ठेवला नसता. माझ्या हातून साधा खिळा सरळ जात नाही हे तिला माहीत होतं. खोट्याला वजन यावं म्हणून मी दुसऱ्याचा खरेपणा वापरला. हे मला तेव्हा सुचलं याचं मला कौतुकसुद्धा वाटलं होतं, आणि ते आठवलं की अजून मान खाली जाते.

त्या दिवसापासून आई नळाचं पाणी घेऊ लागली. सुनेचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून तिनं एक नेम धरला होता: रोज देवघरातल्या महादेवाला अकरा तांबे पाणी. आधी विहिरीचं घालायची, आता नळाचं घालू लागली. “पाणी जवळ आलं म्हणून अकराचे एकवीस केले,” असं तिनं मला आनंदानं सांगितलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. वर न बघता मी ‘छान’ म्हणालो.

दोन-अडीच महिने असे गेले. मिस्त्री आणि आई आता विहिरीवर भेटत नव्हते. एकादशीचा बुक्का तो दारातूनच देऊन जायचा. त्यांचं बोलणं नळावर कधी गेलं नाही, हे माझं नशीब. पण एकादशी आली की तो बुक्का देऊन जाईपर्यंत मी दारातून हलायचो नाही. चोराच्या मनात चांदणं.

मग जोड गळायला लागला. भिंतीतून पाइप बाहेर येतो तिथं एक कोपऱ्याचा तुकडा असतो, त्याला एल्बो म्हणतात, आणि एल्बोला नळ. त्या दोघांच्या सांध्यातून थेंब पडू लागला. आईनं खाली तांब्या लावला आणि म्हणाली, “मिस्त्रीला सांग.”

मी सांगितलं नाही. मिस्त्री आला असता, नळ काढला असता, आई शेजारी उभी राहिली असती. रोज काही तरी कारण काढून मी दिवस ढकलत होतो. आई तांब्याच्या जागी बादली लावू लागली. शेवटी एका शनिवारी, अर्धी सुट्टी होती म्हणून, मी पाइपाचा मोठा पाना, तागाची बट आणि डबीभर सफेदा घेऊन घरी आलो. सफेदा म्हणजे आट्यांना लावायचा पांढरा लेप, त्यात ताग बसवला की सांधा पाणी सोडत नाही. या वस्तू मी रोज सहीनं देत होतो. तेव्हा त्या वापरता येतातच, अशी माझी समजूत होती.

कॉलनीला पाणी सकाळ-संध्याकाळ यायचं, दुपारी पाइप कोरडे असत. मी नळ काढला, ताग गुंडाळला, भरपूर सफेदा फासला आणि पाना लावून पिळला. सांधा घट्ट बसला, पण नळाचं तोंड तिरपं राहिलं, भिंतीकडे. ते काही बरं दिसेना. म्हणून मी तो जरासा मागं फिरवून सरळ केला. दिसायला फार सुरेख काम झालं. आईसुद्धा म्हणाली, “जमलं की रे तुला.”

संध्याकाळी पाणी आलं आणि त्या सांध्यातून थेंबाऐवजी धार लागली. मी धोतराची चिंधी बांधली, वर सुतळी, तिच्यावर आणखी सुतळी. आईनं चुना-गूळ कालवून दिला, तोही थापला. सगळं वाहून गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेजारचे धावले, कुणी तरी कोपऱ्यावरची मोठी चावी बंद केली आणि आमच्या रांगेतल्या सगळ्या घरांचं पाणी गेलं. आता मिस्त्रीला बोलवायचं की नाही हे माझ्या हातात राहिलं नाही.

रविवारी सकाळी मिस्त्री आला. माझी सुतळी सोडायलाच त्याला वेळ लागला. तो हसला मात्र नाही. नळ हातात घेऊन त्यानं आटे पाहिले आणि म्हणाला, “भाऊसाहेब, ताग उलटा गुंडाळला व्हता. आटे जिकडं फिरत्यात तिकडंच गुंडाळायचा, न्हाईतर पिळताना सुटतो. आन् घट्ट केलेला जोड कंदी मागं फिरवायचा न्हाई. दिसायला सरळ व्हतो, पर गळतो.”

त्यानं तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, जुना ताग खरवडून काढला, नवा थोडासाच घेतला, चिमटीत ओढून केसासारखा सरळ केला आणि आट्याआट्यात बसवला. सफेदाही बोटावर मावेल इतकाच. आई दाराशी बसून बघत होती. मी बादली घेऊन उभा होतो, उगाचच; बादलीचं काही काम नव्हतं.

नळ पुन्हा बसवण्याआधी तो म्हणाला, “आलोच हाय तर वायसर बी बगतो.”

“राहू द्या,” मी म्हणालो. “तो चांगला आहे.”

“बगायला काय जातंय,” असं म्हणून त्यानं वरचं डोकं उघडलं आणि नळ तळहातावर आपटला. काळी, फुगलेली चकती मोरीच्या फरशीवर पडली. पाण्यात महिनोन् महिने भिजलेल्या चामड्याला एक वास असतो. तो आईपर्यंत गेला.

“मिस्त्री, हे काय आहे?”

“वायसर हाय, आई.”

“कशाचा?”

“चामड्याचा,” तो म्हणाला. त्याला काय माहीत असणार.

आई उठून उभी राहिली. “माझ्या मुलानं तुमच्याकडे रबराचा दिला होता. तुम्ही बसवलात. मग हा कुठून आला?”

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, आधी नुसता प्रश्न होता आणि मग त्याला उत्तर समजलं. माझ्या तोंडावर ते लिहिलेलंच असणार. बोलायला मला वेळ होता. ‘आई, मी खोटं बोललो’ एवढंच म्हणायचं होतं. मी बादली या हातातून त्या हातात घेतली.

“व्हय, आई,” मिस्त्री म्हणाला. “ऱ्हाऊन गेलं. चुकलं माजं.”

“राहून गेलं?” आईचा आवाज चढला नाही, पण ती त्याला अरे-तुरे करू लागली. “अडीच महिने मी हे पाणी देवाला घालतेय. सुनेच्या पोटातल्या जिवासाठी घालतेय. बसवला म्हणून सांगितलंस आणि बसवलाच नाहीस. गळ्यात माळ आहे ना रे तुझ्या? माळ घालून खोटं बोलतोस आणि वर आळंदीचा बुक्का आणून देतोस मला?”

त्यानं मान खाली घातली. मग खिशातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला, सुरीनं त्याची गोल चकती कापली, नळात बसवली, नळ एल्बोवर चढवला आणि पाना लावून तोंड बरोबर खाली येईल असा एकाच दमात पिळला. कोपऱ्यावर जाऊन पाणी सोडलं, परत येऊन जोडावरून बोट फिरवलं. कोरडा होता. फरशीवरची चकती त्यानं उचलून खिशात घातली आणि आईकडे न बघता निघून गेला. रबराचा वायसर इतक्या सहज होण्यासारखा होता. मी त्याला अडीच महिन्यांपूर्वी एक शब्द टाकला असता तर त्यानं तेव्हाच कापून दिला असता. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आईनं घरातली सगळी भांडी राखेनं घासली, देव पंचगव्यानं धुतले आणि तीन दिवस उपास केला. मला एक अक्षर बोलली नाही. उलट दुसऱ्या दिवशी मला वाढताना म्हणाली, “तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझा काय दोष? तू भोळा आहेस, कुणीही फसवतं तुला.” मी आमटी-भात कालवत राहिलो.

नळाला तिनं पुन्हा हात लावला नाही. विहिरीवरही गेली नाही. “मोट बंद आहे, हेही त्यानंच सांगितलेलं. काय भरवसा?” असं म्हणून ती पवना नदीवर जाऊ लागली, विहिरीच्या चौपट अंतर. क्वार्टरांसमोरून आता ती दोनऐवजी तीन खेपा करायची, चुकलेले दिवस भरून काढायला. मला लोकांसमोर लाज वाटू नये म्हणून मी हे सगळं केलं होतं.

चार-पाच दिवसांनी मी विहिरीवर मिस्त्रीला गाठलं. वाफ्याला पाणी देत होता. मी म्हणालो, मिस्त्री, चूक माझी आहे, मी आज आईला सांगून टाकतो.

त्यानं फावडं बाजूला ठेवलं. “आपल्या लेकानं फसिवलं ह्ये आईला सोसत न्हाई, भाऊसाहेब. परक्यानं फसिवलं तर चार दिस शिव्या दिऊन ती मोकळी हुती. म्हनून बोललो त्या टायमाला.” थोडं थांबून म्हणाला, “त्यांनी माळंची आन घातली आसती तर मला खरं बोलावं लागलं आसतं. मला त्याचंच भ्या वाटत व्हतं. आता तुमी सांगायचं का न्हाई, ते तुमचं तुमी बगा.”

तुमचं तुम्ही बघा, असं तो म्हणाला होता. मी मात्र घरी येईपर्यंत त्याचा अर्थ ‘सांगू नका’ असा करून घेतला. आईला कशाला त्रास, असं मनाशी म्हणालो. त्रास कुणाचा वाचत होता ते मला पक्कं ठाऊक होतं.

आई गप्प बसणारी नव्हती. रांगेतल्या बायकांना तिनं सांगितलं, त्यांनी पुढं. सोवळ्यातल्या म्हाताऱ्या आणखी तीन-चार घरांत होत्या. त्या घरांतून मिस्त्रीला निरोप जाणं थांबलं. नळ गळला तर चिंचवडहून दुसरा माणूस येई. कुणी त्याला तोंडावर काही म्हटलं नाही. नुसतं, माळकरी म्हणे, असं हलक्या आवाजात म्हणत. मी हे बोलणं दोनदा माझ्या कानांनी ऐकलं आणि दोन्ही वेळा बिडी पेटवली. एकादशीला तो आमच्या दारावरून सायकल हातात धरून जायचा. थांबत नसे.

मुलगी झाली, सुखरूप झाली. आई म्हणाली, देवानं सांभाळून घेतलं, आणि बारशानंतर वाईला निघून गेली. पुन्हा पिंपरीला राहायला आली नाही. मला तिथलं पाणी सोसत नाही, असं सगळ्यांना सांगायची.

मिस्त्री पुढं बरीच वर्षं काम करत होता. स्टोअरच्या खिडकीशी येऊन सामान घ्यायचा, चिठ्ठी पुढं करायचा, “भाऊसाहेब” म्हणायचा. मी सही करायचो. तो एकदा जरी तिरकस बोलला असता तरी मला बरं वाटलं असतं. तो गेला तेव्हा मी त्याच्या दारात जाऊन आलो. त्याच्या मुलानं मला ओळखलं नाही, आणि मीही काय ओळख सांगणार होतो?

त्यानंतर दोन वर्षांनी आईनं अंथरूण धरलं. वाईच्या घरीही तोवर नळ आला होता. मी रजा घेऊन गेलो होतो, तर मोरीतला जोड ठिबकताना दिसला. मी सहज म्हणालो, “आई, जोड गळतोय, कुणाला तरी बोलावून दुरुस्त करून घेतो.”

आईचे डोळे मिटलेले होते. तिला बोलायला कष्ट पडत होते, पण ती बोलली. “बोलाव. पण नीट माणूस बघ. तुमच्या तिथला तो मिस्त्री, माळ घालून खोटं बोलायचा, तसला नको हो.”

“नाही, आई,” मी म्हणालो. “तसला नाही बोलावणार.”